खाली ऑफिसं, वर फ्लॅट अशा 'ग्रीन' इमारतीत घर घ्यावं का? देखभाल खर्च खरंच कमी येतो का?

येतो. पण एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा, ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) रात्री बंद ठेवतात का, ते आधी विचारा.

मी पुण्यात बाणेरला अशाच इमारतीत राहतो. खाली तीन मजले ऑफिसं, वर घरं, लॉबीत ग्रीन रेटिंगची चकचकीत पाटी. तीन वर्षं सेक्रेटरी होतो.

कागदावर ही मांडणी झकास असते. घरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, ऑफिसात ४५. घरांतून आंघोळीचं, धुण्याचं सांडपाणी भरपूर येतं, फ्लशला त्यातलं थोडंच लागतं. ऑफिसात जवळजवळ निम्मं पाणी फ्लशलाच जातं. म्हणजे घरांचं शुद्ध केलेलं पाणी उरतं, ते ऑफिसांना पुरतं. शिवाय नुसत्या ऑफिसांचं संडास-मुतारीचं पाणी प्लांटला जड जातं, अमोनिया फार. घरचं पाणी मिसळलं की सुसह्य होतं. दोन्ही एकत्र असण्याचा खरा फायदा हा. सोलर-बिलर नंतर.

आमच्याकडे वर्षभर हे चाललंही. मग नवे खजिनदार आले. ऑफिस आमच्या दुसऱ्या मजल्यावर, राहायला दुसरीकडे. वीजबिल बघून त्यांनी ब्लोअरला टायमर बसवला. रात्री दहा ते सहा बंद. मी मीटिंगमध्ये म्हटलं, साहेब, टाकीतल्या जिवाणूंना चोवीस तास हवा लागते. ते म्हणाले, "जंतूंना कसला पंखा लावताय?" सगळे हसले. ठराव पास.

तीन आठवड्यांत फ्लशला कुजका वास. ऑपरेटर पोरगा मला खाली घेऊन गेला. काचेच्या एक लिटरच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरून अर्धा तास ठेवलं. आमच्या पद्धतीच्या प्लांटमध्ये तब्येत ठीक असेल तर तळाशी २५०-३०० मिली चॉकलेटी गाळ बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. आमचा गाळ बोटभर, काळाकुट्ट, आणि वरचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं. "काका, मेलेत सगळे," पोरगा म्हणाला.

ऑफिसवाल्यांनी आपली फ्लशची लाइन परस्पर ताज्या पाण्याच्या टाकीला जोडून घेतली. एप्रिलपासून टँकर सुरू. घरांचं पाणी गटारात आणि विकतचं पाणी ऑफिसांच्या संडासात! ब्लोअरचे महिन्याला नऊ हजार वाचले, मे महिन्यात टँकरला एकसष्ट हजार गेले. दोन्ही आकडे माझ्या वहीत आहेत. पण टँकर वेगळ्या खात्यात दाखवले, आणि वार्षिक सभेत खजिनदारांनी वीजबचतीबद्दल शाल-नारळ घेतला. शाल त्यांना मीच पांघरवली, सेक्रेटरी ना.

असो, तुमचं घर. रविवारी संध्याकाळी तळघरात जा, नाकाला कळेल. खालच्या ऑफिसांचा फ्लश कोणत्या टाकीवर आहे ते प्लंबरला विचारा, सेल्सच्या मुलीला नको. पश्चिमेची भिंत सगळी काचेची आणि वर छज्जा नाही, असं असेल तर दुपारी चारला बघून या: पडदे ओढलेले, आत दिवे लावलेले, एसी फुल. त्या एसींचे बाहेरचे डबे कुठे टांगलेत तेही बघा, गरम वारा तुमच्याच बाल्कनीत यायचा. बुकिंगच्या वेळी दाखवतात ते प्रमाणपत्र बहुतेकदा नकाशावरून दिलेलं असतं, चालत्या इमारतीला नव्हे. आणि कमिटीत ऑफिसवाले किती, राहणारे किती, हे रेटिंगपेक्षा महत्त्वाचं. जो रात्री तिथे झोपत नाही त्याच्या हातात एसटीपीची किल्ली देऊ नये. हे मी तेव्हाही म्हणालो होतो.

मी इंजिनीअर नाही, बँकेत होतो. अनुभव एकाच इमारतीचा. सगळे ऑफिसवाले असे नसतात. गच्चीवरचं सोलर आमच्याकडे उत्तम चालतं. सोलर, पर्जन्यजल, गांडूळखत यांपैकी दोन गोष्टी चालू असतील तर पुणे महापालिका मिळकतकरात १० टक्के सूट देते, एकच असेल तर ५. तीही हिशेबात धरा.

ब्लोअर आता चोवीस तास चालतो. टायमर काढून मी घरी कपाटात ठेवलाय. ऑफिसांची लाइन मात्र अजून ताज्या पाण्यावरच आहे.