क्रूझवर केबिनच्या छतातून पाणी गळत होतं, एसी बंद होता आणि स्टाफ दाद देत नव्हता. घरी परतल्यावर पैसे परत मिळतील का?

पूर्ण भाडं मिळणं अवघड, पण जहाजावर असतानाच तक्रार नोंदवली असेल तर काही रक्कम परत मिळू शकते. कारण कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते: गेस्ट सर्व्हिसेसला (जहाजावरच्या प्रवासी मदतकक्षाला) कधी कळवलंत? केबिन बदलून देणं किंवा बिलात सूट देणं जहाजावरच सोपं असतं. उतरल्यावर तिकिटाच्या अटी पुढे केल्या जातात. ओल्या गादीचे फोटो, तक्रारीची तारीख-वेळ, अंतिम बिल असं सगळं ईमेलला जोडा आणि नेमकी रक्कम मागा. नाहीतर पुढच्या सफरीचं कूपन हातावर टेकवतात, तेही मुदतीचं! मात्र युरोपीय संघात किंवा ब्रिटनमध्ये पॅकेज म्हणून बुकिंग केलं असेल, तर २०१८ पासून लागू असलेल्या नियमांनुसार किंमतकपात हा तुमचा हक्कच आहे.