आउट ऑफ पोझिशन असताना फ्लॉपवर आपणच आधी बेट लावावी का?

तुमचं म्हणणं असं की नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात बिग ब्लाइंडवर (पत्ते बघण्याआधी ठरलेली सक्तीची रक्कम, म्हणजे १ ब्लाइंड, भरणारी जागा) असताना कॉल (समोरच्याच्या बेटेएवढे पैसे घालणं) स्वस्त पडतो, म्हणून तुम्ही बरेच हात (हाती आलेले दोन पत्ते) खेळता. पुढे मात्र प्रत्येक फेरीत आधी बोलावं लागतं (यालाच आउट ऑफ पोझिशन म्हणतात) आणि शेवटी बोलणारा पॉट (मधे जमलेले पैसे) घेऊन जातो. मग फ्लॉपवर (मधे उघडणाऱ्या पाच समाईक पत्त्यांपैकी पहिल्या तिघांवर) आपणच बेट लावून पुढाकार घ्यावा का, हा तुमचा प्रश्न. बहुतेक वेळा नाही. पण तुमची खरी गळती फ्लॉपच्या आधीच सुरू झालेली दिसते, म्हणून तिथून सुरुवात करतो.

बटणवरच्या (फ्लॉपपासून शेवटी बोलणाऱ्या) खेळाडूनं २.५ ब्लाइंडचं रेझ केलं, म्हणजे रक्कम वाढवली, आणि स्मॉल ब्लाइंडनं (अर्धा ब्लाइंड भरणाऱ्यानं) फोल्ड केलं, म्हणजे पत्ते टाकले, तर पॉटमध्ये ४ ब्लाइंड असतात आणि तुम्हाला १.५ घालायचे असतात. हिशेबानं फक्त २७ टक्के इक्विटी (पॉट जिंकण्याची शक्यता) पुरते. आता एक गंमत बघा. सात-दुरी ऑफसूट (दोन वेगळ्या चिन्हांची) हा होल्डेममधला सगळ्यात रद्दी हात समजला जातो, पण एक्का-राजासमोर पाचही पत्ते उघडू दिले तर तोसुद्धा साधारण तीनात एकदा जिंकतो. म्हणजे कागदावर कॉल बरोबर! प्रत्यक्षात पाचही पत्ते तुम्हाला कुणी फुकट दाखवत नाही. फ्लॉप चुकला की तुम्ही चेक करता (पैसे न लावता पाळी पुढे देता), तो बेट लावतो, तुम्ही फोल्ड करता आणि ती इक्विटी वाऱ्यावर जाते. शेवटी बोलणाऱ्याला हवं तेव्हा चेक करून पुढचा पत्ता फुकट बघता येतो, तुम्हाला ती सोय नाही. त्यामुळे आउट ऑफ पोझिशन असताना कागदावरच्या इक्विटीतला एक भाग वजा धरूनच हात निवडावा. सुटेड (एकाच चिन्हाचे) आणि लागून असलेले पत्ते ती इक्विटी जास्त टिकवतात, कारण त्यांना फ्लॉपवर ड्रॉ (एखादा पत्ता आला की पूर्ण होईल असा हात) मिळतो आणि बेट आली तरी पुढे जायला कारण राहतं. राजा-पंजा ऑफसूटसारख्या हातांना ते कारण फारसं मिळत नाही.

स्मॉल ब्लाइंडची जागा तर याहून वाईट. तिथून त्याच रेझला २ ब्लाइंड घालावे लागतात, ३३ टक्के लागतात, आणि मागे बिग ब्लाइंड अजून बोलायचा असतो. मी तिथून नुसता कॉल जवळजवळ करतच नाही. एक तर फोल्ड, नाही तर थ्री-बेट (रेझवर पुन्हा रेझ), आणि तीसुद्धा मोठी. पोझिशनमध्ये मूळ रेझच्या तिप्पट पुरते, इथे चौपटीच्या थोडं वर, म्हणजे साधारण ११ ब्लाइंड. १०० ब्लाइंडच्या स्टॅकनं (आपल्यापुढच्या एकूण पैशांनी) खेळताना तिथून नुसता कॉल केलात आणि बिग ब्लाइंड गेला, तर पॉट ६ आणि मागे ९७.५. स्टॅक पॉटच्या सोळापट, म्हणजे तीन फेऱ्या पोझिशनचा मार खाण्याची पूर्ण तयारी. ११ च्या थ्री-बेटला कॉल आला तर पॉट २३ आणि मागे ८९, चौपटीलाही किंचित कमी. स्टॅक जेवढा उथळ, तेवढे पुढचे निर्णय कमी आणि पोझिशनची धारही कमी.

आता फ्लॉप. रेझ करणाऱ्याकडे तुमच्यापेक्षा मोठ्या जोड्या आणि मोठे एक्के जास्त असतात, म्हणून बहुतेक बोर्डांवर (मधल्या उघड्या पत्त्यांवर) त्याला चेक देणं योग्यच. ६-५-४ सारखे बोर्ड अपवाद. तिथे दोन जोड्या आणि स्ट्रेट (ओळीनं पाच पत्ते) ब्लाइंडकडेच जास्त असतात, म्हणून अधूनमधून छोटी बेट आधी लावता येते. बाकी ठिकाणी अडचण चेक करण्यात नसते. चांगलं काही लागलं की लगेच बेट आणि काहीच नसलं की चेक, असं खेळलात तर दोन-चार डावांत समोरच्याला कळतं की तुमचा चेक पोकळ आहे. तुमचे सेट (हातातल्या जोडीला बोर्डवर तिसरा तसाच पत्ता), दोन जोड्या, चांगले ड्रॉ चेकमध्येच लपलेले हवेत.

समजा तुमच्याकडे इस्पिकची नव्वी-अठ्ठी आहे आणि फ्लॉप ७-६-२, तीन वेगवेगळ्या चिन्हांचा. पॉट ५.५. तुम्ही चेक केलं, बटणनं १.८ लावले. कॉलला २० टक्के पुरतात, तेवढी इक्विटी आहेच. पण चेक-रेझ (आधी चेक, मग त्याच्या बेटेवर रेझ) करून ७ लावले तर राजा-गुलाम, राणी-दश्शी असे काही न लागलेले हात तिथेच सुटू शकतात. आणि कॉल आलाच तर दश्शी किंवा पंजा मिळून आठ पत्ते तुमच्या बाजूचे, रिव्हरपर्यंत (पाचव्या, शेवटच्या पत्त्यापर्यंत) ३१ टक्क्यांच्या आसपास. नुसत्या ब्लफला निम्म्याच्या जवळपास फोल्ड लागले असते, या आठ पत्त्यांमुळे त्याहून बरेच कमी चालतात.

वरची जोडी पण किकर (हातातला दुसरा पत्ता) मध्यम, अशा हातानं चेक-रेझच्या फंदात पडू नये. त्यानं चेक-कॉल करावं आणि पॉट लहान ठेवावा.

रिव्हरवर मात्र मी स्वतः बेट लावण्याचा विचार जास्त करतो. तुम्ही चेक केलंत आणि त्यानंही चेक केलं, तर तुमच्या चांगल्या हाताचे पैसे बुडाले. फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) पूर्ण करणारा पत्ता आला की घाबरून चेक करणारे बरेच, तिथे हात बनला असेल तर आधी लावा. ड्रॉ चुकलेले असतील तर उलट. चेक करा आणि त्याला ब्लफ करू द्या. पॉटएवढी बेट आली तर कॉलसाठी ३३ टक्के वेळा जिंकावं लागतं, अर्ध्या पॉटला २५.

पॉटमध्ये तिघे-चौघे असतील तर हे सगळं आणखी आवळून घ्या, ब्लफ तर जवळपास विसराच.

ऑनलाइन खेळत असाल तर हँड हिस्टरीत (खेळलेल्या डावांच्या नोंदीत) बिग ब्लाइंडचे डाव वेगळे काढून बघा. तिथे तोटा दिसणारच, त्यानं दचकू नका. प्रत्येक डाव फोल्ड केला असता तर दर डावाला पूर्ण १ ब्लाइंड गेला असता. तुमचा आकडा त्यापेक्षा कमी असेल तर एकंदरीत तुमचे कॉल कमाई करताहेत, जास्त असेल तर आधी ऑफसूट हात कापा.