नागपुरात नोकरी लागली, गावाकडची कार सोबत न्यावी का?

आधी खोली बघा, कारचं मग. मेट्रोच्या खापरी-ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर-प्रजापती नगर या दोन मार्गिका सीताबर्डीला मिळतात. खोली आणि ऑफिस दोन्ही स्टेशनपासून पायी 10 मिनिटांत असतील तर कार नको. एकच टोक लांब असेल तरी मे महिन्याच्या उन्हात रोज ऑटो लागतो. तो धरूनच हिशेब करा.

रोज 20 किमी, 25 दिवस म्हणजे 500 किमी. 18 च्या ॲव्हरेजने 28 लिटर पेट्रोल. वर विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग.

खरी अडचण शनिवारी गावी जाताना. तालुक्याहून गावची मुक्कामी एसटी चुकली की संपलं! म्हणून कार गावीच, तुम्हाला तालुक्याहून आणायला आणि आईबाबांच्या दवाखान्यासाठी ठेवा. आठवड्यातून एकदा 20 मिनिटं चालवायला सांगा, नाहीतर बॅटरी उतरते अन् उंदीर वायरी कुरतडतात.