अक्षरांची अदलाबदल कशी जमवावी?

प्रश्न : ‘भाजी-पोळी’चं ‘पाजी-भोळी’ होतं. अशा जोड्या घरी मुलांसोबत कशा बनवायच्या?

उत्तर : फक्त पहिली व्यंजनं बदला, मात्रा जागच्या जागी राहू द्या. अख्खं अक्षर उचललंत तर ‘पोजी भाळी’ होतं, आणि गंमत गेली. दोन्ही शब्दांच्या पहिल्या अक्षराला ‘आ’चीच मात्रा असेल तर ही कटकट नाही: मालगाडी – गाल माडी, ताट-वाटी – वाट ताटी. दोन्ही नवे शब्द अर्थपूर्ण हवेत. ‘चहा-साखर’मधून ‘सहा’ मिळतो, पण ‘चाखर’ लंगडा! ‘वडापाव’चा ‘पडा वाव’ चालेल. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ वेगळा, म्हणून जोडी मोठ्यानं म्हणून पाहा. इंग्रजीत हा प्रकार ऑक्सफर्डमध्ये शिकवणाऱ्या स्पूनर (1844–1930) यांच्या नावे ओळखला जातो. अशा अदलाबदलीचे त्यांच्या नावावरचे बरेच किस्से मात्र इतरांनीच रचलेले.