भिशी चुकत नाही, मग मुलीचे पैसे कसे चुकतात?

ताई, दोन वर्षांपूर्वी आमचा घटस्फोट झाला. नऊ वर्षांची मुलगी आईकडे असते. कोर्टाने मुलीसाठी महिना १२,००० रुपये पोटगी ठरवली, तेव्हा ओव्हरटाइम धरून माझ्या हातात ४०,००० यायचे. मार्चमध्ये कंपनीने कमी केलं. आता भोसरीत एका वर्कशॉपमध्ये २४,००० वर आहे. खोलीभाडं, गाडीचा हप्ता, वीस जणांच्या भिशीचे ५,०००, मेस, यातच पगार संपतो. भिशीचा नंबरही अजून लागलेला नाही. चार महिने पोटगी थकली, तर तिने वसुलीचा अर्ज टाकला. स्वतः नोकरी करते, तरी दया नाही. वकील म्हणतात, तारखा घेत राहू. काय करू?
— एक हतबल बाप

पगार तुटलाय आणि २४,००० मधून १२,००० कायम निघणार नाहीत, हे मला दिसतंय. पण माझी नजर अडली ती भिशीवर. गाडीचा हप्ता आणि मेसच्या मध्ये तुम्ही ती सहज लिहून गेलात. या चार महिन्यांत भिशीचा एक तरी हप्ता चुकला का? चुकला असता तर पत्रात त्याचंही दुःख आलं असतं. भिशी चुकली की चार माणसांत नाव जातं, चालवणारा दारात येऊन उभा राहतो. नऊ वर्षांची पोर दारात येत नाही. म्हणून तिचे पैसे थांबले.

मला याचा राग येतो. जूनमध्ये तिची शाळा उघडली असेल. वह्या, कव्हरं, नवे बूट, व्हॅनवाल्याचे पैसे, यातलं काहीच तुमच्या पगारासाठी थांबलं नाही. ते कुणीतरी भरलं. ज्या बाईने भरलं, तिला दया नाही असं तुम्ही लिहिता! पोटगी मुलीची आहे हो, तिच्या आईची नाही.

तर भिशी उचला, याच महिन्यात. चालवणाऱ्याला खरं सांगा, की मुलीची पोटगी थकलीय, कोर्टाची तारीख आहे, मला नंबर आधी द्या. अडल्यानडल्याला भिशीत पुढेमागे करून देतातच. लाज वाटेल. वाटू द्या. एक लाख हातात आले की ४८,००० थकबाकी एकरकमी भरा, बँकेतून, म्हणजे नोंद राहील. उरलेल्या ५२,००० ला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही. पगार कमी पडेल त्या महिन्यात मुलीचे पैसे त्यातून पुरे करायचे.

आणि त्याच आठवड्यात रक्कम कमी करून मिळण्याचा अर्ज टाका. परिस्थिती बदलली तर कायदा ती मुभा देतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ (पोटगीचं कलम) खालच्या आदेशासाठी ती कलम १२७ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४६ मध्ये आहे. हा अर्ज तुम्ही एप्रिलमध्येच करायला हवा होता. पगार कमी झाला म्हणून आदेशातली रक्कम आपोआप कमी होत नाही. कोर्ट बदलत नाही तोवर दर महिन्याला पूर्ण १२,००० चढत राहतात. वकिलांच्या ‘तारखा घेत राहू’चा अर्थ एवढाच. त्यात १२५ खालचा आदेश मोडला, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि आत जाऊन आल्याने थकबाकी फिटत नाही. तुमचे वकील अर्ज करायला तयार नसतील, तर १५१०० या क्रमांकावर मोफत विधी सेवेची चौकशी करा.

तिच्या नोकरीचा मुद्दा मांडायची जागाही तोच अर्ज. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. आईची कमाई पुरेशी असेल, तर मुलाचा खर्च दोघांत वाटला जाऊ शकतो. वाटला जातो, बापाच्या डोक्यावरून उतरत नाही.

शपथपत्रात जुन्या कंपनीचं कमी केल्याचं पत्र आणि नव्या पगाराच्या स्लिपा जोडा. भिशी आणि उचललेले एक लाखही त्यात लिहा, लपवू नका. पुढची तारीख वाढवून मागायची नाही. ४८,००० भरल्याची नोंद घेऊन त्या दिवशी कोर्टात हजर राहा.