कॉलेजला ग्रेड मिळाली, पण लेकीला काय मिळालं?

यावेळी पत्रं बघितली तर निम्म्याहून जास्त नॅक म्हणजे कॉलेजांची गुणवत्ता तपासून ग्रेड देणाऱ्या संस्थेबद्दलचीच, म्हणून ॲडमिशन आणि स्कॉलरशिपचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. मी नाशिकमध्येच शिकवलं, शेवटची काही वर्षं आयक्यूएसी म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचं काम माझ्याकडे होतं आणि दोनदा नॅकची टीम आली तेव्हा फाईली घेऊन मीच उभी होते, त्यामुळे या विषयावर मनापासून बोलायचंय.

प्रश्न : मॅडम, आम्ही सिडकोत राहतो. मुलगी एस.वाय. बीएस्सीला आहे. तिच्या कॉलेजला नॅकची बी प्लस प्लस मिळाली म्हणून मोठा फ्लेक्स लागला, पेढे वाटले. पण शेजारच्या मुलाच्या कॉलेजला ए आहे आणि त्याची आई म्हणते बी म्हणजे सेकंड क्लास, अजून वेळ आहे, कॉलेज बदला. मी फार शिकलेली नाही, मला यातलं काही कळत नाही. बदलू का?
– एक आई, सिडको

उत्तर : ताई, नका बदलू, निदान एवढ्या कारणासाठी तरी नको. आधी ही अक्षरं काय आहेत ते सांगते. नॅक ही यूजीसीची म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची स्वायत्त संस्था, १९९४ साली सुरू झाली, ऑफिस बंगळूरला आहे. कॉलेजला ४ पैकी आकडा मिळतो, त्याला सीजीपीए म्हणतात. ३.५१ पासून वर ए प्लस प्लस, ३.२६ पासून ए प्लस, ३.०१ पासून ए आणि २.७६ ते ३.०० बी प्लस प्लस. खाली बी प्लस, बी, सी असं उतरत जातं आणि १.५० किंवा त्याहून कमी आलं की डी, म्हणजे मान्यताच नाही. आता बघा, एका कॉलेजला ३.०० आले आणि दुसऱ्याला ३.०१, तर एकाच्या फ्लेक्सवर बी प्लस प्लस आणि दुसऱ्याच्या फ्लेक्सवर ए. मधलं अंतर एका शतांशाचं! शेजारणीला ते अक्षरात दिसतं, आकड्यात दिसत नाही. तुमच्या मुलीच्या कॉलेजचा आकडा काय आहे ते आधी विचारा.

दुसरं म्हणजे दोन्ही कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असतील तर डिग्री त्या विद्यापीठाचीच मिळणार, शेजारच्या मुलालाही तीच. मध्येच कॉलेज बदललं तर नवीन लॅब, नवीन शिक्षक, सिडकोतून नवीन बस, आणि मैत्रिणी तुटतात ते वेगळंच, हे सगळं एका अक्षरासाठी करण्यात अर्थ नाही.

मग बघायचं काय? ग्रेडसोबत कॉलेजला एक ग्रेडशीट मिळते, त्यात सात निकषांचे वेगवेगळे मार्क असतात. अभ्यासक्रम, शिकवणं आणि मूल्यमापन, संशोधन आणि विस्तारकार्य, इमारत-लायब्ररी-लॅब, विद्यार्थ्यांना मदत आणि त्यांची पुढची वाटचाल, कारभार, आणि सातवा संस्थेची मूल्यं आणि चांगले उपक्रम. संलग्न कॉलेजला एकूण १००० पैकी ३५० एकट्या दुसऱ्या निकषाला आहेत, म्हणजे वर्गात काय चालतं त्याला. तुम्ही तोच आधी बघा. मग पाचवा बघा, त्यात प्लेसमेंट, स्पर्धा परीक्षा, स्कॉलरशिप, पुढच्या शिक्षणाला किती मुलं गेली हे सगळं येतं. एखाद्या कॉलेजला इमारतीत भरपूर मिळालेले असतात आणि पाचव्यात कमी, तर समजायचं की टाइल्स छान आहेत पण मुलं पुढे कुठे जातात याकडे लक्ष कमी पडतंय.

आणि टीमचा रिपोर्ट असतो, तो कॉलेजच्या वेबसाइटवर आयक्यूएसी किंवा नॅक या नावाखाली सापडतो. इंग्रजीत असतो पण मुलीला शेजारी बसवून वाचा, खरंच वाचा, मी शेकडो पालकांशी बोलले असेन पण रिपोर्ट वाचून आलेले बोटांवर मोजण्याइतके. शेवटच्या पानांवर बलस्थानं, उणिवा, संधी आणि आव्हानं असतात आणि त्याखाली टीमच्या शिफारशी. त्या शिफारशी म्हणजे बाहेरच्या राज्यातून आलेल्या प्राध्यापकांनी दोन-तीन दिवस कॉलेजात फिरून सांगितलेलं असतं की इथे अमुक कमी आहे. पुढच्या पालकसभेत उभं राहून शांतपणे विचारा, सर, टीमने लॅबबद्दल जे लिहिलंय त्याचं काय केलं? तुम्ही फार शिकलेल्या नाही असं लिहिलंय, पण हा प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही हो. एका आईने मला भर सभेत असाच प्रश्न विचारला होता, लायब्ररी पाचला का बंद होते म्हणून, आणि त्या वर्षी आम्ही ती सातपर्यंत उघडी ठेवली.

प्रश्न : मी पंचवटीत राहतो, टी.वाय. ला आहे. मला नॅककडून ईमेल आलाय सर्व्हे भरायला. आमच्या सरांनी सांगितलं सगळीकडे चांगलं चांगलं भरा, कॉलेजचा प्रश्न आहे. खरं लिहिलं तर इंटर्नलचे मार्क कापतील का?
– एक विद्यार्थी

उत्तर : अरे बाळा, घाबरू नकोस. तो विद्यार्थी समाधान सर्व्हे आहे. कॉलेज फक्त विद्यार्थ्यांची यादी आणि ईमेल देतं, प्रश्न नॅककडून थेट तुझ्या मेलवर येतात आणि उत्तरही थेट तिकडेच जातं. एकूण २१ प्रश्न आहेत. सिलॅबस किती पूर्ण होतो, शिक्षक तयारी करून येतात का, इंटर्नलमध्ये न्याय मिळतो का, असे २० आणि शेवटच्यात तुला शिकवण्यात सुधारणा व्हावी म्हणून तीन सूचना लिहायच्या असतात. बहुतेक मुलं तो शेवटचा रिकामा सोडतात आणि मला तेच सगळ्यात जास्त खुपतं, कारण आकड्यांपेक्षा त्या तीन ओळींतून कळतं की प्रॅक्टिकलला सहा जणांत एकच मायक्रोस्कोप आहे.

रागाने भरू नकोस आणि भीतीनेही नको. जे चांगलं आहे ते चांगलं म्हण, तुमचे कोणी सर सुट्टीतही डाऊट सोडवायला थांबत असतील तर त्यांच्यासाठी पूर्ण मार्क दे. जिथे कमी आहे तिथे कमी. तुझ्या सरांना कॉलेजची काळजी आहे हे मला कळतं, पण खोटं चांगलं लिहून पुढच्या बॅचला तोच एक मायक्रोस्कोप राहील.

प्रश्न : मॅडम, निफाड तालुक्यात एका कॉलेजात सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतो. दोन वर्षं नॅकच्या फाईली केल्या, रात्री एक-एक वाजेपर्यंत, दिवाळीतही. ए ग्रेड मिळाली, सत्कार झाले, आमचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. आता आयक्यूएसीच्या खोलीला कुलूप आहे. मग हे सगळं कशासाठी केलं?
– एक प्राध्यापक, निफाड

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी तुमच्या पहिल्या दुखण्याबद्दल, ते खरं आहे आणि त्यावर मी फुंकर घालणार नाही. ज्या ग्रेडमध्ये मंजूर जागांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती आहेत याचे मार्क मोजले जातात तीच ग्रेड तासावर पगार घेणाऱ्या माणसाच्या रात्रींवर उभी राहते, हे मी खूप ठिकाणी पाहिलंय आणि मला ते आजही सहन होत नाही. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या की अमुक निकषाचं काम मी केलं, त्याचं अनुभव प्रमाणपत्र द्या. पुढे कुठे इंटरव्ह्यू असेल तर आयक्यूएसीचं काम येणारा माणूस कॉलेजांना हवाच असतो.

आता कुलूप. तुम्ही निफाडचे आहात म्हणून तुमच्याच शिवारातलं सांगते. द्राक्ष एक्सपोर्टला द्यायची तर बागायतदार काय करतो? छाटणीपासून कुठल्या तारखेला कुठलं औषध, किती पाण्यात, काढणीच्या आधी किती दिवस बंद, सगळं रजिस्टरला त्याच दिवशी लिहितो, कारण कंटेनर भरायच्या आदल्या रात्री ते रजिस्टर आठवून लिहिता येत नाही, आणि लिहिलं तरी लॅबमध्ये रेसिड्यू निघाला की सगळा माल परत. कॉलेजचं अगदी तसंच आहे. २०१७ पासून नॅकची पद्धत बदलली, साधारण सत्तर टक्के मूल्यमापन आकड्यांवर होतं आणि ते आकडे कॉलेजने भरले की बाहेरची यंत्रणा पुरावे मागते, त्याला डीव्हीव्ही म्हणतात. आमच्या पहिल्या वेळी आम्ही वृक्षारोपणाचे एवढे कार्यक्रम केले होते, झाडं अजून उभी आहेत, पण फोटोवर तारीख नाही, जागा नाही, हजेरीचा कागद नाही, म्हणून दाव्यातले अर्धेअधिक कापले गेले. मी त्या रात्री स्टाफरूममध्ये बसून रडले होते. काम केलेलं असून कागद नसला तर ते काम कुणाला दाखवणार?

दुसऱ्या वेळी आम्ही एकच केलं, दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रत्येक विभागाने त्या महिन्याचे कागद जमा करायचे. जिओटॅग फोटो, सह्या, पत्रं. एक तास. चहा कॉलेजकडून. पाच वर्षांनी टीम आली तेव्हा कुणी रात्री थांबलं नाही आणि टीमसमोर बोलायला गेलेली मुलं पाठ करून आलेली नव्हती, कारण सांगण्यासारखं त्यांच्याजवळ खरंच होतं. ग्रेड पाच वर्षांसाठी असते, पण दरवर्षी एक्यूएआर म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवाल नॅकला पाठवायचाच असतो, तेव्हा ते कुलूप उघडावंच लागणार आहे. ते उघडायला वर्षभर थांबू नका, असं तुमच्या प्राचार्यांना माझ्या नावाने सांगितलं तरी चालेल. आणि त्या शनिवारच्या कामाचे तास सीएचबीवाल्यांच्या बिलात धरायला सांगा, फुकट करू नका.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत शिकागोजवळ असतो, तिथलाच नागरिक आहे. बारावी झाल्यावर तो कम्युनिटी कॉलेजला जाणार म्हणतोय. बहिणीने कळवलं की त्या कॉलेजचं ॲक्रेडिटेशन रीअफर्म झालं, सगळे खूश आहेत. आमच्याकडे सगळे विचारतात, साध्या कॉलेजात का घातलं? आणि ग्रेड कुठली मिळाली?
– एक मावशी, गंगापूर रोड

उत्तर : मावशी, तिथे ग्रेड नसतेच, त्यामुळे बहिणीला विचारून तिला कोड्यात टाकू नका. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी मदतीचं कॉलेज, फी बरीच कमी, असोसिएट डिग्री मिळते किंवा तिथे दोन वर्षं करून मुलं युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जातात. तुमच्या भाच्याच्याच भागात जोलिएटचं कॉलेज १९०१ साली सुरू झालं, ते तिथलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज समजलं जातं. म्हणजे सव्वाशे वर्षं चालत आलेली गोष्ट आहे ही, कमीपणाची नाही. आपल्याकडेही बाराव्या पंचवार्षिक योजनेत यूजीसीने कम्युनिटी कॉलेजची योजना आणली होती पण ती कौशल्याच्या छोट्या कोर्सेसची होती, त्याच्याशी हे गल्लत करू नका.

त्या भागातल्या कॉलेजांना हायर लर्निंग कमिशन मान्यता देतं. कॉलेज स्वतःबद्दल पुराव्यांसकट लिहून देतं, दुसऱ्या कॉलेजांचे लोक येऊन तपासतात, मग कमिशन ठरवतं. साधारण दहा वर्षांनी मान्यता पुन्हा पक्की होते, त्यालाच रीअफर्म म्हणतात. कुठे कमी असेल तर मधल्या काळात अहवाल मागतात, त्याहून बिघडलं तर नोटीस किंवा प्रोबेशन, आणि हे सगळं कमिशनच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. आनंद का झाला तर अशी मान्यता नसेल तर तिथल्या मुलांना केंद्र सरकारची शिक्षणमदत आणि कर्ज मिळत नाही, शिवाय पुढच्या युनिव्हर्सिटीत क्रेडिट धरतील का हा प्रश्न येतो. तेव्हा बहिणीला एकच सांगा, भाच्याला ज्या युनिव्हर्सिटीत जायचंय तिथे कुठल्या विषयांचे क्रेडिट चालतात ते पहिल्याच सेमिस्टरला कॉलेजच्या समुपदेशकाकडून लिहून घे. इलिनॉय राज्यात यासाठी कॉलेजांमध्ये ठरवलेली यादी आहे, त्यातले विषय घेतले तर सोपं जातं. आणि घरी विचारणाऱ्यांना सांगा, मुलगा हुशार आहे, आईबापाचे पैसे वाचवतोय.

प्रश्न : नॅकमध्ये पैसे चालतात असं पेपरात आलं होतं. आणि ग्रेडच बंद होणार म्हणे. मग विश्वास ठेवायचा का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने एका तपासणी समितीच्या अध्यक्षांसह काही सदस्यांना लाच प्रकरणात अटक केली, ती बातमी वाचून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण त्यावरून प्रत्येक कॉलेजने ग्रेड विकत घेतली असं म्हणू नका, निफाडच्या त्या प्राध्यापकांचं पत्र वरच आहे. ग्रेडबद्दल म्हणाल तर इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींनंतर जानेवारी २०२४ मध्ये नॅकने जाहीर केलं की पुढे फक्त मान्यता आहे किंवा नाही एवढंच सांगायचं आणि ज्यांना वर जायचंय त्यांच्यासाठी १ ते ५ अशा पायऱ्या. अक्षरं गेली तरी चालतील, पण कुठे कमी पडतंय ते सांगणारा रिपोर्ट मात्र लोकांसमोर राहिला पाहिजे, यासाठी मी भांडेन.

ज्यांना ग्रेडशीट वाचता येत नसेल त्यांनी तिची झेरॉक्स पाठवा, कॉलेजचं नाव खोडून पाठवलं तरी चालेल. मी वाचून सांगते.