पाचपैकी चार म्हणजे ऐंशी टक्के नव्हे

प्रिय पालक,

तुमची मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत लागून वर्ष झालं. तिथे प्रत्येकाने आपल्या तांत्रिक कौशल्यांना स्वतःच एक ते पाच रेटिंग द्यायचं होतं. डेटाबेससाठी तिने स्वतःला दोन दिले. तुम्ही शेजारी बसून त्याचे चार करायला लावलेत आणि आता विचारताय, ‘हे चार टिकवायला कोणतं सर्टिफिकेट करावं?’

मला तिच्या दोनची अजिबात काळजी वाटत नाही. तुमच्या चारची वाटते. काम ती करते, मग आकडा तुम्ही कसा ठरवलात? ‘एवढं शिकून दोनच?’ हे वाक्य तुमच्या पत्रात सहज येऊन गेलंय. ते तिच्यासमोरही निघालं असेल, तर यापुढे एखादी गोष्ट येत नाही हे ती कुणालाच सांगणार नाही, तुम्हालाही नाही आणि टीम लीडलाही नाही. पहिल्या नोकरीत याहून मोठं नुकसान नाही.

तुमचा गैरसमज असा, की हे परीक्षेचे मार्क आहेत. तसं नाही. बहुतेक ठिकाणी ही पट्टी ‘किती येतं’ यापेक्षा ‘किती स्वतंत्रपणे करता येतं’ हे मोजते. २००० सालापासून वापरात असलेल्या एसएफआयए या, माहिती-तंत्रज्ञानातली कौशल्यं मोजण्याच्या आराखड्यात सात पायऱ्या आहेत. पहिलीवर माणूस सांगितलेलं काम करतो, सातवीवर संस्थेची दिशा ठरवतो. पाचच्या पट्टीत साधारणपणे दोन म्हणजे कुणाच्या तरी देखरेखीखाली काम जमतं, तीन म्हणजे एकटीने जमतं, चार म्हणजे इतरांची अडलेली कामं सोडवता येतात. आता डेटाबेसचंच घ्या. क्वेरी, म्हणजे साठवलेल्या माहितीला विचारायचा प्रश्न, लिहून उत्तर आणणं ही सुरुवात झाली. तीच क्वेरी लाखो नोंदींवर रेंगाळली, तर एक्झिक्युशन प्लॅन (डेटाबेस उत्तर कोणत्या मार्गाने शोधतो ते) वाचून इंडेक्स (नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून केलेली सूची) कुठे कमी पडतोय हे ओळखणं, आणि तो इंडेक्स वाढवल्यावर नोंदी भरण्याचा वेग किती घटेल याचा अंदाज बांधणं, हे चारचं काम. वर्षभराच्या अनुभवावर दोन हा अगदी प्रामाणिक आकडा आहे. शिवाय याच रेटिंगच्या तक्त्यावरून कामं वाटली जातात. चार लिहिलं, की मध्यरात्री बंद पडलेली सिस्टीम सावरायला एकटीला बसवतील.

सर्टिफिकेट जरूर करावं, अभ्यासाला शिस्त लागते. पण त्याने पायरी बदलत नाही.

कंपनीचीही एक चूक दिसते. प्रत्येक आकड्याचा अर्थ फॉर्मवर लिहिलेला नाही, असं तुम्हीच कळवलंय. मग ज्याचा त्याचा चार वेगळा होणारच. तेव्हा मुलीने मॅनेजरला सरळ विचारावं, ‘तीनसाठी मी नेमकं काय एकटीने करून दाखवायचं?’ उत्तर लिहून घ्यावं आणि तसं एखादं काम मागून घ्यावं.

फॉर्म अजून मंजूर झाला नसेल, तर तिला तो पुन्हा उघडू द्या आणि तिला योग्य वाटेल तो आकडा भरू द्या. त्या वेळी तुम्ही शेजारी बसू नका.